मोटारीचा भाव कोणी फोडला?

१

पंगतीत कोणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि त्या शांततेत शालिकरामचं ताट फरशीवर खर्रकन पुढे सरकलं. भाकरीचा कोपरा तेवढा मोडलेला होता, वांग्याच्या भाजीला बोटही लागलं नव्हतं. तो उठला, विहिरीवर जाऊन हात धुतले आणि तिकडूनच मळ्याच्या वाटेला लागला.

चुलीपुढे जयवंतानं तव्यावरची भाकर उलटली. मान वर केली नाही. पाठच्या भावाचं ताट सासरच्या पंगतीतून असं सरकलेलं बघणं म्हणजे काय, हे ज्या बायांना भाऊ आहेत त्यांना सांगायला नको.

बोलले होते ते मामाजी, म्हणजे तिचे सासरे शेषराव. आवाज चढवला नव्हता, कोणाकडे पाहिलंही नव्हतं. "घरातला भाव बाहेर गेला," ते भाकरीकडे पाहत म्हणाले होते. "भितीले कान असतात म्हणते. पण भितीले तोंड नसते. तोंड माणसालेच असते. अन् अकोल्याची वाट आपल्यात एकालेच पाठ हाय."

भाव मोटारीचा होता.

शेषरावांचा मळा अमरावतीला वडाळीच्या अंगाला. पुढे मेथी, वांगी, कोथिंबीर. मध्ये शेवंती आणि गुलछडी. आणि पार आत संत्र्याचा बाग. यंदा मृगबहार असा लागला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. संत्री गेली, चार पैसे हाती आले आणि म्हाताऱ्याच्या मनात एक कोरी करकरीत मोटार शिरली ती निघेचना. भल्या सकाळी फुलं-भाजी सगळ्यांच्या आधी बाजारात नेऊन टाकायची आणि मग दिवसभर मोझरीच्या आश्रमाला जाणारी माणसं बसवायची. चालवायला घरचाच माणूस, सुनेचा भाऊ. तेल्हाऱ्याचा हा पोरगा अकोल्याच्या एका कारखान्यात हात काळे करून मोटार चालवायला शिकला होता. जयवंतानं मनातल्या मनात कितीदा तरी पाहून ठेवलं होतं: शालिकराम रोज दारात गाडी उभी करतो आहे, आणि सणावाराला मागच्या गादीवरून आई, माणिकबाई, उतरते आहे.

दुकानं दोन होती. एक इथलंच, अमरावतीच्या कॅम्पातलं. दुसरं अकोल्याच्या ताजनापेठेतलं. दोघांकडे तीच गाडी, तोच हिरवा रंग. जो स्वस्तात देईल त्याच्याकडून घ्यायची, इतकी साधी गोष्ट. पण शेषराव भाव तोंडानं कधी बोलत नसत. बैल असो की संत्र्याचा बाग, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. चारचौघांत उभं राहून सौदा होतो आणि चारचौघांना पत्ता लागत नाही. बाजाराची ही रीत त्यांनी घरातही आणली होती. आपण जास्तीत जास्त किती मोजणार हा आकडा त्यांनी लेकाला, भगवंतला, रुमालाखालीच सांगितला.

आधी अमरावतीचं दुकान झालं. मनातली हद्द होती सव्वीसशेची. दुकानातला माणूस वरून उतरत उतरत बरोबर सव्वीसशेवर आला आणि मारुतीच्या पारासारखा बसला. शेषराव परतले ते विचारात पडून. हद्द खाली ओढली, अकोल्याला जायचं ठरवलं. शालिकराम आदल्या दिवशीच जुन्या उस्तादाला भेटायला म्हणून अकोल्यात गेला होता, तो तिथे त्यांना येऊन मिळाला. आणि ताजनापेठेतल्या माणसानंही शेषरावांच्या मनातल्याच आकड्यावर ठाण मांडलं.

एकदा झालं तर योगायोग. दुसऱ्यांदा झालं तर घरभेदी.

भाकरी संपल्या तशी सासू, पार्बताबाई, चुलीपाशी येऊन टेकली. बाजारात तीस वर्षं भाजीची पाटी मांडणारी बाई. तिच्या तोंडाला एरवी कुलूप नसे. आज हळू बोलली. "तुह्या भावानं कपडे बांधाले घेतले वं. उद्या सकायच्या गाडीनं तेल्हाऱ्याले जातो म्हणे. अन् तुये मामाजी म्हणतात, गेला तं गेला. मंग ह्या उंबऱ्यात त्याचं पाऊल नाही, अन् त्याच्या उंबऱ्यात आपल्या सुनेचं नाही."

२

दुपारी तान्हा पाळण्यात झोपला. बायकांना विचार करायला वेळ कधी मिळतो म्हणाल तर असा, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून, हातात सुई घेऊन. जयवंता शेवंतीच्या माळा ओवत होती. पाच वर्षांची बेबी संत्र्याच्या फोडीनं गाल फुगवून आली.

"कुठून आणली वं?"

"आबासंग जितली," बेबी म्हणाली आणि पळाली.

आजोबा-नातीचा हा रोजचा खेळ होता. आबांनी पाचाच्या आतला एक आकडा मनात धरायचा, बेबीनं रुमालाखाली त्यांची बोटं चाचपून तो ओळखायचा. ओळखला तर एक फोड. म्हातारा रोज हरायचा. नातीसाठी मुद्दाम हरतात, म्हणून जयवंताला त्यांचा फार लोभ वाटे. आज त्या लोभाचं काय करावं हे तिला समजत नव्हतं.

भगवंत फुलांच्या पाट्या घेऊन आला तेव्हा तिनं त्याला ओसरीवर थांबवून घेतलं. नवरा भला होता, पण बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटे. तिनं भावाची बाजू मांडली नाही, रडलीही नाही. फक्त विचारलं, की तो आकडा आणखी कोणाकोणाला ठाऊक होता. भगवंतनं शपथ घेतली. शालिकरामला त्यानं काही सांगितलं नव्हतं. केशवरावाला, म्हणजे शेजारच्या कापसाच्या दलालाला, तर नाहीच नाही. दोन्ही दुकानं केशवरावानंच सुचवली होती आणि कोणत्याही दुकानातून त्याला दलाली सुटणारच होती. मग जरा थांबून, पाटीतली फुलं उगाच खालीवर करत तो म्हणाला, की माईनं, पार्बताबाईनं, विचारलं होतं. माईनं विचारलं की त्याचा इलाज चालत नाही.

"म्हणजे आत्याबाईले मालूम होतं."

"हो. पण मले तं बाबाचंच नवल वाटलं," भगवंत म्हणाला. "पंचवीसशे आपली हद्द. तो अकोल्यावाला साडेचोवीसशेवर आला व्हता. घेऊन टाकाची ना मंग गाडी? बाबा कपडे झटकून उठलेच."

जयवंताच्या बोटातली सुई थांबली. "रुमालाखालची गोष्ट तुमाले कशी समजली?"

"उठता उठता बाबाच म्हणाले ना. साडेचोवीसशेच्या खाली सरकत नाही, चाला."

तो पाट्या उतरवायला गेला. जयवंता तशीच बसून राहिली. पाळणा थांबला, तान्ह्यानं कुरकुर केली, तेव्हा पाय पुन्हा हलू लागला.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते पंचवीसशे. कोणी घरभेद्यानं आकडा विकलाच असेल तर पंचवीसशेच विकला असेल. आणि गिऱ्हाईक पंचवीसशे द्यायला तयार आहे हे ज्या दुकानदाराला आधीच कळलं, तो आपण होऊन आणखी पन्नास रुपये खाली कशाला उतरेल? तो धर्मशाळा थोडीच चालवत होता!

साडेचोवीसशे हा आकडा या घरात कोणाचाच नव्हता. मग तो आला कुठून?

३

सासूला विचारणं म्हणजे पेटत्या चुलीत फुंकर घालणं. पण पार्बताबाई रागावली नाही, उलट तिनं सुनेकडे जरा टक लावून पाहिलं. "म्या बाजारात वांग्याचा खरा भाव कोणाले सांगत नाही, मोटारीचा सांगीन? मले पंचवीसशेच मालूम व्हते. अन् ते बी म्या गिळून टाकले." मग पदराला हात पुसत पुढे म्हणाली, "तुया भाऊ तापट हाय, पण इकनारा नाही. म्या माणसं पाह्यली हायत. पण तुह्या मामाजीले कोण सांगन?"

तिसऱ्या प्रहरी केशवराव चहाला आले. त्यांना बोलवावं लागत नसे, चहाचा वास पुरे. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि बोलणं असं की कापसाच्या गाठीसारखं दाबून बांधलेलं. एकदा सुटलं की घरभर. जयवंता दाराआड उभी राहिली. मोटारीचा सौदा फिसकटला याचं केशवरावांना मनापासून दुःख झालं होतं, आणि त्या दुःखात बुडालेली दलालीही स्पष्ट दिसत होती. त्यांनी शेषरावांना विचारलं, की आकडा तरी काय होता? शेषरावांनी सांगितला नाही. केशवरावांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. ज्याला आधीच ठाऊक आहे तो माणूस तीनतीनदा असा जीव टाकून विचारत नाही, एवढं दाराआडून जयवंतानं धरून ठेवलं.

मग ते दुकानांवर घसरले. मोटारीची दुकानं आता शहाणी झाली आहेत, म्हणाले. टोपीवाला कारकून इंग्रजी वहीतून भाव वाचून दाखवायचा ते दिवस गेले. आपल्या वऱ्हाडचा माळी-कुणबी खांद्यावर रुमाल टाकून येतो, त्याला वही काय कामाची? म्हणून ह्या हंगामात दोन्ही दुकानांनी बाजारातलीच मुरलेली माणसं ठेवली आहेत.

"कॅम्पातला तो पंजाबराव आठोते का तुमाले?" केशवराव बशीतला चहा फुर्रकन ओढून म्हणाले. "बैलबाजारात दलाल व्हता. बैलाच्या आंगावर नुसता हात फिरोवे अन् सांगे, याचा डावा खांदा दुखते. मालक म्हणे, नाही बा. पण जिथी दुखते तिथी बैलाची कातडी थरकते ना! बैल काय बोलते का? हातच समजून घेते. आता तो मोटारी इकते. काय जमाना आला."

हसून हसून त्यांना ठसका लागला. शेषराव हसले नाहीत. जयवंताही हसली नाही. तिच्या मनात काहीतरी खडा पडावा तसं पडलं होतं, पण पाणी अजून गढूळ होतं. तिला आता एकाच माणसाला विचारायचं उरलं होतं, आणि नेमकं त्याच माणसाशी ती लग्न झाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

४

सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही ही त्या घरची रीत. पण संसार म्हटला की मीठ संपतं, गाय दूध चोरते, पाहुणा येतो. बोलावं तर लागतंच. मग ते बोलणं लेकराच्या तोंडून जातं. सून दाराआडून लेकराला सांगते, सासरा लेकराला उत्तर देतो, आणि दोघांनाही एकमेकांचा शब्दन् शब्द ऐकू येतो.

शेषराव ओट्यावर बसले होते, मांडीवर बेबी. जयवंतानं पदर पुढे ओढला आणि कवाडाला टेकून उभी राहिली.

"बेबे, आबाले इचार, अकोल्याले जाताना आकडा किती ठरला व्हता."

"आबा, माय इचारते, आकडा किती?"

शेषरावांनी मांडीवरची बेबी सावरून बसवली. सून असलं काही विचारेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. शेवटी नातीच्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "तुह्या मायले सांग, तुह्या बापाले पंचवीसशे सांगतले व्हते."

"अन् दुकानात मनात किती व्हते, ते इचार."

आता म्हाताऱ्यानं दाराकडे पाहिलं. पाहू नये ते पाहिलं. मग मान वळवून, बेबीलाच सांगावं तसं सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचा राग पुन्हा तापत गेला. बडनेऱ्याला मोठ्या आगगाडीत बसले तेव्हा त्यांनी मनातल्या मनात आणखी पन्नास उतरवले होते. भगवंतला बोलले नाहीत. कोणालाच नाहीत. साडेचोवीसशे, हे फक्त त्यांना आणि वरच्याला ठाऊक. आणि तोच आकडा त्या माणसानं धरला! म्हणजे हा शालिकराम केवढा बेरकी असेल पाहा. अकोल्याच्या ठेसनावर भेटला तो यांच्या तोंडाकडे पाहूनच समजला असेल.

म्हाताऱ्यानं स्वतःच जयवंताच्या भावाला सोडवलं होतं, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. जो आकडा कोणाला सांगितलाच नाही तो कोणी विकेल कसा?

"बेबे, आबाले इचार, त्या मानसानं हात कसा धरला व्हता."

"कसा म्हणजे? रुमालाखाली." शेषराव कुरकुरले. मग आठवून म्हणाले, "लय येळ धरला पण. अमरावतीवाल्यानं बी. एकेक आकडा दाबे अन् थांबे, दाबे अन् थांबे. वर जाये, खाली ये. वैद्य नाडी पाह्यते तसा. म्या म्हटलं, सौदा करून राह्यला का ताप पाहून राह्यला?"

बेबीला या चौकशीचा कंटाळा आला होता. तिनं आबांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यांच्या हातावर टाकला आणि आत आपला हात घातला. "आबा, धरा मनात."

"आता नाही गो."

"धरा नं."

म्हाताऱ्यानं धरला. रुमाल जरा हलला. एक, दोन, तीन. "तीन!" बेबी म्हणाली. तिला फोड हवी होती. शेषरावांनी पुन्हा धरला. "एक!" पुन्हा धरला. बेबी दोनावरून चारावर गेली आणि परत दोनावर आली. "दोन!"

जयवंता कवाडाआडून अर्धी पुढे झाली. तिनं विचारलं तेव्हा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "बेबे, आबाले इचार... ते मुद्दाम हरतात का?"

"मुद्दाम?" शेषरावांनी बेबीतर्फे वगैरे काही नाही, सरळ दाराकडे तोंड करून उत्तर दिलं. "मुद्दाम काहून हरीन? मी जिताले पाह्यतो. पण ही पोरगी चेटकीण हाय, तिले सारं समजते."

"मी नाही चेटकीण," बेबी म्हणाली. "आबाचं बोटच सांगते मले. बरोबर बोट धरलं का ते आंग चोरते."

५

ओट्याखाली गाईनं शेपटी झटकली.

शेषराव आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते, जणू तो हात कोण्या पाहुण्याचा आहे आणि इथे विसरून राहिला आहे. त्यांनी रुमाल पुन्हा हातावर ओढला, आकडा मनात धरला आणि नातीला हळूच म्हणाले, "पाह्य." बेबीनं पाहिलं, आणि ओळखलं.

मग जयवंता बोलली. लेकराशीच बोलली, पण एकेक शब्द असा सुटा सुटा ठेवला की म्हाताऱ्याला उचलायला सोपा जावा. घरच्या कोणी आकडा विकला असता तर अकोल्यावाला पंचवीसशेवर थांबला असता, कारण घरच्यांना तेवढंच ठाऊक होतं. तो थांबला साडेचोवीसशेवर, आणि तो आकडा फक्त आबाच्या मनात होता. मनातून तो तोंडावाटे गेला नाही, कारण आबा बोललेच नाहीत. मग वाट उरली एकच. दोन्ही दुकानांत भाव केला तो आबांनीच, आणि दोन्ही माणसांनी धरून ठेवला तो त्यांचाच हात. ते आकडे दाबत गेले आणि हाताकडे लक्ष देत गेले. बरोबर आकडा आला की बोटानं अंग चोरलं. बैलाची कातडी थरकते म्हणून केशवकाका मघाशी हसले नव्हते का, तसंच.

"अन् बेबे, आबाले आणखी एक सांग," तिनं धीर करून पुढे म्हटलं. "अमरावतीचा भाव सव्वीसशे नाही, अन् अकोल्याचा साडेचोवीसशे नाही. ते दोन्ही आकडे आपलेच व्हते. आपण दोन दुकानं फिरलो, पण दुकानाचा भाव पाह्यलाच नाही. दोनदा आपलाच भाव पाहून आलो."

पार्बताबाई केव्हाची येऊन उंबऱ्यावर उभी होती. ती पदर तोंडाशी धरून हसू लागली. "मले इचाराचं ना! लग्नात हातात हात देल्ला तवाच समजलं व्हतं मले, ह्या मानसाच्या पोटात काही राह्यत नाही म्हणून."

"मंग सांगतलं काहून नाही?" शेषरावांनी विचारलं.

"संसाराले बरं असते ते," ती म्हणाली. "मोटारीले चालत नाही, हे मले काय मालूम?"

शेषराव उठले. त्यांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि संत्र्याच्या बागाकडे चालू लागले. शालिकराम तिथे आडव्या खोडावर बसून पिशवीची गाठ मारत होता. भगवंत मागोमाग गेला, आणि पुढचं त्यानंच जयवंताला येऊन सांगितलं.

म्हातारा झाडांकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "पाहुणे, उद्याची गाडी राहू द्या. मोटार आणाची हाय. भाव तुमी करा."

शालिकराम बसल्या जागचा हलला नाही. "मी? कितीपर्यंत जाऊ?"

"ते मी तुमाले सांगत नाही."

पोराचा चेहरा लाल झाला. "म्हणजे अजून भरवसा नाहीच माह्यावर."

"भरवसा माह्या हातावर नाही राह्यला, बापू," शेषराव म्हणाले, आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवला. "जो हात आकडा जाणतच नाही, तो सांगन काय?"

माफी म्हणून जी असते ती यापेक्षा वेगळी असते का, हे जयवंताला ठरवता आलं नाही. पण त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून शालिकरामनं चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवीसाठी ताट पुढे केलं.

मग प्रश्न उरला दुकानाचा. भगवंत अकोल्याचं म्हणत होता, तिथे स्वस्त पडतं असं सगळे बोलतात म्हणून. शालिकराम म्हणाला, की मोटार म्हणजे काही बैल नव्हे. तिला नुसतं विकत घेऊन भागत नाही, ती बिघडते, आणि बिघडली की दुकान जवळ असलेलं बरं. भाव कोणाचा किती हे ठाऊक नसेल तर जवळच्याकडे आधी जावं. जयवंतानं बेबीमार्फत रुकार पाठवला, आणि शेषरावांनी तो बेबीच्याच डोक्यावर हात ठेवून मान्य केला.

कॅम्पातल्या दुकानात दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगताना भगवंत हसून हसून लोळत होता. पंजाबरावानं शालिकरामचा हात धरला आणि सुरुवात केली. वरून खाली आला, थांबला, चाचपलं; बोट दगडासारखं. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली. काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं शेषरावांकडे पाहिलं, तर ते दोन्ही हात काखेत दाबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलेले. शालिकराम प्रत्येक आकड्याला मान हलवून नाही म्हणत होता, कारण हो कशाला म्हणायचं हे त्यालाच ठाऊक नव्हतं. पंजाबराव उतरत उतरत साडेतेवीसशेवर आला, आणि तिथे त्यानं स्वतःच हात काढून घेतला. "याच्या खाली मले मालक घरी धाडन," तो म्हणाला. तेव्हा शालिकरामनं मागे वळून पाहिलं, आणि म्हाताऱ्यानं मान डोलावली. वरती जादा चाक पार्बताबाईनं मागितलं. ती पाटी घेऊन बाजारातून परत येताना सहज डोकावली होती म्हणे.

शेवंतीच्या माळा घातलेली ती हिरवी मोटार दारात आली तेव्हा आळीतली सगळी पोरं तिच्यामागे होती. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, केशवरावांनी आपली दलाली कशी योग्य जागी पडली ते प्रत्येकाला सांगितलं. मग शेषरावांनी फर्मावलं, की पहिली फेरी घरच्यांची. ते स्वतः पुढे शालिकरामच्या शेजारी बसले, ताठ, फेट्याला एका हातानं धरून. मागे पार्बताबाई, भगवंत, मांडीवर तान्हा घेतलेली जयवंता आणि सगळ्यांच्या पायात बेबी.

गाडी तिवश्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना काळी रानं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, आणि अंगावर येणारा कोवळा वारा. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की शेषराव शालिकरामला गाडी थांबवायला लावत आणि म्हणत, "हा आमचा शालिकराम. भाव यानंच केला." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा शालिकरामच्या मानेमागची कातडी लाजेनं लाल झालेली जयवंताला मागून दिसली. तान्हा तिच्या कुशीत गाढ झोपला होता. येत्या सणाला आईला आणायचं, ती मनात म्हणत होती. याच गादीवर, खिडकीच्या बाजूला बसवायचं. तिला एवढं बरं वाटत होतं की डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

बेबी पुढच्या दोन माणसांच्या पाठींकडे आळीपाळीनं पाहत होती. मग तिनं आईचा पदर ओढला आणि इंजिनाच्या आवाजावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"माय, मामा चोर नाही, तं मंग चोर कोण व्हता? आबाले इचारू?"